बाबांची ठकी

धाकटा : नाही, ताई. बघायला ये म्हणालीस, आलो. बघून झालं की निघणार. घरी न्यायचं नाव काढू नकोस.

मोठी : अजून पाहिलंसुद्धा नाहीस तिला.

धाकटा : त्यात पाहायचं काय? त्याचं कुत्रं आहे, एवढं पुरेसं आहे मला.

मोठी : निदान इथं तरी बाबांना अरे-तुरे करू नकोस. तीन आठवडे झाले नाहीत त्यांना जाऊन.

धाकटा : एकोणीस वर्षं तोंड पाहिलं नाही त्याचं. आता मेल्यावर अहो-जाहो कुठून आणू?

मोठी : हळू. त्या मावशी येतायत.

धाकटा : हळूच बोलतोय मी. मी नेहमी हळूच बोलतो.

मावशी : तुम्हीच का यांचे भाऊ? बसा ना. त्या टोकाला नको, आत्ताच पाण्याचा पाइप मारलाय, बाकडं ओलं आहे. हां, इथं बसा. यांनी सांगितलं तुम्ही लिफ्टची कामं करता. बरं झालं वेळ काढून आलात. पाचला आम्ही फाटक लावतो.

धाकटा : फार वेळ नाही लागणार.

मावशी : काय म्हणालात? फार बारीक बोलता हो तुम्ही. इथं एवढी कुत्री भुंकतायत, काही कानावर येत नाही.

धाकटा : म्हटलं, फार वेळ घेणार नाही तुमचा.

मावशी : घ्या की. ती बघा, शेवटच्या जाळीत. भिंतीकडे तोंड करून पडलीय ना, तीच. आली तशी पडून आहे. तुमचे वडील इस्पितळात गेले तेव्हा घराला कुलूप होतं आणि ही आत. शेजारीण दोन दिवस खिडकीतून खायला टाकत होती, मग तिनं आम्हाला फोन केला. गाडी घेऊन मीच गेले होते. वाटलं, अंगावर येईल. कसली येते! दाराशी बसली होती चपलांवर. पट्टा घातला, तर मुकाट्यानं आली. एवढं वासराएवढं धूड आणि नाव काय, तर ठकी.

मोठी : बाबांनीच ठेवलं. पिल्लू होती तेव्हा मुठीत मावायची म्हणायचे.

मावशी : सात वर्षांची तरी असेल. तिथंच सगळं अडतं. पिल्लू आलं की इथं रांग लागते, फोटो काय काढतात, पोरं काय नाचतात. सात वर्षांच्या कुत्रीला कोण विचारतो? त्यात ही अशी, भिंतीकडे तोंड. लोक येतात, जाळीपुढे उभे राहतात, ही मान वळवत नाही, लोक पुढच्या जाळीकडे जातात. अर्धं खाते, तेही आम्ही सगळे गेल्यावर. मी अकरा वर्षं इथं आहे, भाऊ. ज्यांचं एकच माणूस असतं, त्यांचं असंच होतं.

धाकटा : मग करता काय अशांचं?

मावशी : करणार काय, सांभाळतो. पण पंचवीस कुत्र्यांच्या जागेत चाळीस आहेत. उद्या सकाळी एक गोदामाचे मालक येणार आहेत, शहराबाहेर गोदाम आहे त्यांचं. राखणीला मोठं जनावर हवंय. माणूस वाईट नाही हां, मी जाऊन बघून आले. खायला घालील, पत्र्याची सावली आहे. पण साखळीला राहील जन्मभर. म्हणून मी तुमच्या बहिणीला म्हटलं, काय ते आज ठरवा.

मोठी : मी नेली असती. पण मी राहते ती खोली चौथ्या मजल्यावर, आणि घरमालकानं मांजरसुद्धा ठेवू दिलं नाही शेजारणीला. दोनदा विचारलं मी त्याला. दुसऱ्यांदा म्हणाला, बाई, तुम्हाला खोली हवी आहे की कुत्रा? आणि माझी ड्यूटी ही अशी. धुलाईखान्यात सकाळी सहाला मशिनी सुरू होतात. याचं घर तळमजल्याला आहे, यानंच सांगितलंय. मागे जागा आहे.

धाकटा : आणि घरात पाच वर्षांची मुलगी आहे. ते राहिलं सांगायचं.

मावशी : पाच वर्षांची? मग बरं झालं बोललात. लहान मूल आहे तर असं उचलून मी देणारच नाही. ही चावलेली नाही कोणाला, गुरगुरतसुद्धा नाही. पण मोठं जनावर ते मोठं जनावर. आधी पोरीला इथं आणायचं, दोघींची ओळख करायची, मग आठवडाभर नेऊन बघायचं. जमलं तर ठेवा, नाही तर परत आणा. त्यात काही लाज नाही.

धाकटा : ऐकलंस, ताई? या स्वतःच म्हणतायत.

मोठी : त्या नको म्हणत नाहीयेत. रीत सांगतायत.

मावशी : एवढं मात्र सांगते, कोणाचं असं ठेवलेलं कुत्रं कमी बघायला मिळतं. नखं कापलेली, दात साफ, अंगावर गोचीड नाही. शेजारणीनं एक पिशवी दिली होती बरोबर. फणी, औषध, आणि हा कागद. तुमच्या वडिलांच्या अक्षरातला. इस्पितळात जायच्या आधी लिहून ठेवला असणार. वाचते हां. "कान डावा. रोज सकाळ-संध्याकाळ चार थेंब. घालण्याआधी बाटली मुठीत धरून कोमट करावी. गार थेंबांनी ती दचकते."

धाकटा : कोणता कान म्हणालात?

मावशी : डावा. जुनं दुखणं आहे वाटतं. मी घालतेय रोज.

धाकटा : बाटली मुठीत धरून.

मोठी : अरे...

धाकटा : तुला माहीत होतं हे?

मोठी : घालताना पाहिलं होतं. सहा-सात महिन्यांपूर्वी. तुला सांगायचं धाडस झालं नाही.

धाकटा : मावशी, तुम्ही माझ्या उजव्या बाजूला बसलात म्हणून आपलं बोलणं चाललंय. डाव्या कानानं मला ऐकू येत नाही. शाळेत होतो तेव्हापासून. का, ते हिला विचारा.

मोठी : सांगते. मीच सांगते. बाबा सुतार होते. घरातच काम चालायचं, पुढच्या खोलीत. हा सोळा वर्षांचा होता. कोणाच्या तरी टेबलाची फळी यानं कापली, ती बोटभर आखूड झाली. बाबांनी मारलं. एकदाच मारलं, पण बाबांचा हात म्हणजे... कानातून रक्त आलं. आणि ते परत रंधा मारायला लागले. आई नव्हती तेव्हा. मी होते.

धाकटा : होतीस ना. त्याच खोलीत होतीस. इस्त्री करत होतीस. मी खाली पडलो, तिथून मला तू दिसत होतीस. तू वर बघितलं नाहीस. इस्त्री करत राहिलीस.

मोठी : राहिले नाही.

धाकटा : मी पाहिलंय.

मोठी : काय पाहिलंस? हात इस्त्रीवर होता, एवढंच पाहिलंस. तो हात हलत नव्हता. जळका वास आला तेव्हा कळलं, मी इस्त्री उचललीच नव्हती. बाबांचा पांढरा सदरा होता तो. पाठीवर इस्त्रीएवढं भोक पडलं. तू नळाशी कान धूत होतास, तेव्हा त्या सदऱ्याचं काय झालं आणि माझं काय झालं, ते कधी विचारलंस?

धाकटा : ...नाही.

मोठी : दोन-तीन वर्षांनी तू निघून गेलास. बरंच केलंस, मी कधी दोष दिला नाही. पण तू गेल्यावर त्या घरात कोणीच नव्हतं असं समजू नकोस.

मावशी : मी चहा टाकते जरा.

मोठी : नको मावशी, बसा. तुम्ही असलात की आम्ही जरा माणसासारखं बोलतो.

धाकटा : मग का जात होतीस त्याच्याकडे? हे सगळं असूनसुद्धा?

मोठी : म्हातारे झाले होते. हात कापायचे. डबा उघडायला जमायचं नाही. त्यांच्या त्या कापणाऱ्या हातांकडे बघत बसायला मला बरं वाटायचं, असंही असेल. माहीत नाही. मग हळूहळू नुसतंच जात राहिले.

धाकटा : आणि शेवटी? काही बोलला?

मोठी : कशाबद्दल?

धाकटा : तुला माहीत आहे कशाबद्दल.

मोठी : गोड लागावं म्हणून काहीतरी सांगू शकते. पण नाही. तुझं नाव काढलं नाही त्यांनी. माझ्याबद्दलही काही बोलले नाहीत. ठकीनं खाल्लं का, एवढं तीनदा विचारलं. मग म्हणाले, तिला कुठं बांधून ठेवू नका. मी बरं म्हटलं.

धाकटा : झालं. शब्द तू दिलास आणि कुत्रं मी सांभाळायचं.

मोठी : मरणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणणार होते?

धाकटा : का नाही? त्यानं कधी कोणाचं ऐकलं? ज्या माणसानं आपल्या दोघांना जनावरासारखं वागवलं आणि जनावराला पोटच्या पोरासारखं, त्याच्या शेवटच्या इच्छेला मी माझ्या घरात जागा देऊ? सांग ना, का देऊ?

मावशी : थांबा. थांबा, भाऊ.

धाकटा : माफ करा. आवाज चढला माझा.

मावशी : माफी कसली. तिकडे बघा. उठली ती.

मोठी : मान वळवलीय.

मावशी : तीन आठवड्यांत पहिल्यांदा दिवसाउजेडी उठलीय. बोला ना. थांबू नका, बोला काहीतरी, जसं आत्ता बोलत होतात तसं. मी जाळी उघडते.

धाकटा : उघडू नका. मला नकोय ती इकडे.

मावशी : काही करत नाही ती. बघा, शेपटी बघा तिची.

मोठी : तुझा आवाज आहे, रे. तुला माहीत नाही, बाहेरून कसा ऐकू येतो तो. तू फोनवर जरा मोकळा बोललास की मीही बसल्या जागची उठते कधीकधी. अगदी बाबांसारखाच आहे.

धाकटा : हटवा हिला. मावशी, गुडघ्याला डोकं घासतेय ही. मी तो नाहीये. हिला सांगा कोणीतरी, मी तो नाहीये. हट. हट म्हणतोय ना, ऐकू येत नाही का तुला!

मावशी : अहो...

धाकटा : ताई.

मोठी : काही नाही.

धाकटा : ताई, हात खाली घे.

मोठी : घेतला.

धाकटा : मी तिला म्हणालो. तुला नाही.

मोठी : माहीत आहे मला. आपोआप वर गेला हात. त्यात तुझं काही नाही.

धाकटा : भिंतीपर्यंत गेलीस तू मागे. मी तुला मारणार होतो का?

मोठी : माहीत आहे, रे. डोक्याला माहीत आहे. अंगाला कळायला वेळ लागतो.

मावशी : या, या इकडे बसा दोघंही. पाणी प्या. आणि ही बघा, हिला तर ओरडल्याचं काहीच नाही. खुशाल तुमच्या बुटांवर बसलीय.

धाकटा : मावशी, एक विचारतो. खरं सांगा. मारलं असेल त्यानं हिला कधी?

मावशी : खरं तेच सांगते. मार खाल्लेलं कुत्रं मी लांबून ओळखते. हात वर केला की डोळे मिटतं, अंग चोरतं, कधी तर तिथंच मुततं. मी पहिल्याच दिवशी हिच्यापुढे झाडू उचलून बघितला. ही झाडूकडे बघतच बसली. याचं काय करतात, हेच हिला माहीत नाही. हिला कोणी बोट लावलेलं नाही, भाऊ.

धाकटा : म्हणजे जमत होतं त्याला.

मावशी : काय?

धाकटा : न मारणं. मी आजवर असं धरून चाललो होतो की तो माणूसच तसा. रागच तसा, हातच तसा, त्याच्या हातात काही नव्हतं. तसं मानलं की जरा सोपं जातं. आणि जमत होतं त्याला. सात वर्षं जमलं. बाटली मुठीत धरून कोमट करत होता.

मोठी : मलाही हेच झालं, ते थेंब घालताना पाहिलं तेव्हा. घरी येऊन जेवले नाही त्या दिवशी.

धाकटा : मग त्याच्याकडे परत कशी गेलीस?

मोठी : गेले. हिच्यासाठी जायला लागले. फसवत नाही तुला. शेवटी शेवटी मी त्यांच्यापेक्षा हिलाच भेटायला जायचे. हिनं आपलं काय वाकडं केलंय? हिच्या वाट्याला चांगले दिवस आले, हा हिचा गुन्हा आहे का?

मावशी : हिनं सगळं अंग टाकलं बघा तुमच्या पायावर. जड असेल. हलवू का?

धाकटा : राहू दे.

मोठी : तुला एवढी भीती कशाची वाटते? कुत्र्याची तर नाही वाटत.

धाकटा : घरी मी कुजबुजतो, ताई. बायको म्हणते, तुझ्याशी बोलायचं म्हणजे दार लावून गुपित सांगितल्यासारखं वाटतं. मुलगी शाळेत सांगते, माझे बाबा हळू आवाजाचे आहेत. मला त्याचा अभिमान होता. म्हटलं, चला, हिला तो आवाज माहीतच नाही. गेल्या महिन्यात आम्ही दोघं दुकानातून येत होतो. तिचा हात सुटला आणि ती रस्त्यात पळाली. फुगा होता कोणाचा तरी. समोरून टेम्पो. एक हाक मारली असती की थांबली असती ती. मी तोंड उघडलं. आवाज आलाच नाही. म्हणजे, होता. छातीत होता. पण बाहेर काढायची हिंमत झाली नाही. ती दचकेल म्हणून. टेम्पोखाली जात होती माझी मुलगी आणि मी विचार करत होतो, ती दचकेल.

मोठी : अरे देवा. मग?

धाकटा : एका फळवाल्यानं ओरडून थांबवलं तिला. परक्या माणसानं. ती थांबली, मागे वळून हसली. अजिबात दचकली नाही. घरी येऊन मी हे कोणाला सांगितलं नाही. तुला सांगतोय.

मावशी : बरं केलंत सांगितलंत.

मोठी : ठकी वर बघतेय तुझ्याकडे. तू बोलायचा थांबलास की बघते.

धाकटा : माझ्यासाठी नाही बघत ती.

मावशी : आज नाही. पण भाऊ, कुत्रं आवाजावरून येतं आणि वासावरून राहतं. चार दिवसांत तिला कळेल हा वेगळा माणूस आहे. मग राहायचं की भिंतीकडे तोंड करायचं, ते तिचं तीच ठरवेल. माणसांसारखं उगाच मन राखत नाहीत ही.

धाकटा : मी बाबांसाठी नेणार नाही हिला.

मोठी : नको नेऊस त्यांच्यासाठी.

धाकटा : तू शब्द दिलास म्हणूनही नाही.

मोठी : बरं.

धाकटा : आणि मुलगी घाबरली तर त्याच दिवशी परत आणणार. तेव्हा रडायचं नाही.

मोठी : मी कुठं रडतेय?

धाकटा : रडतेयस. मावशी, मी घरी एक फोन करून येतो.

(तो फाटकाशी जाऊन बोलतो. कुत्री त्याच्या मागोमाग जाते आणि फोन संपेपर्यंत शेजारी उभी राहते.)

मावशी : काय म्हणाल्या?

धाकटा : आधी विचारलं, कोण बोलतंय. आवाज ओळखला नाही तिनं, भुंकण्यामुळे मला जरा मोठ्यानं बोलावं लागलं. मग सगळं सांगितलं. कानाचंही सांगितलं. कान गेलेला तिला माहीत होता, कसा गेला ते नव्हतं. मी सायकलवरून पडलो म्हणून सांगितलं होतं.

मोठी : लग्नाला आठ वर्षं झाली तुझ्या.

धाकटा : हो. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, उद्या शाळा सुटली की मुलीला घेऊन येते, कुत्री मी स्वतः बघीन आणि मग ठरवीन. तू काही कबूल करून बसू नकोस.

मावशी : शहाणी आहे बाई. मी तोवर गोदामवाल्यांना दुसरं दाखवते. काळा कुत्रा आहे एक, त्याला माणसांपेक्षा मोकळी जागा आवडते. पण कागद आज करावा लागेल, नाही तर उद्या सकाळी माझ्या हातात काही राहणार नाही. शिक्का नाही मारत, नुसतं नाव घालते. पाय न पुसता इकडे या, फरशी ओलीच आहे. हां. घरात माणसं किती?

धाकटा : तीन.

मावशी : आधी कुत्रं पाळलंय?

धाकटा : नाही.

मावशी : खाताना पोरीला जवळ जाऊ द्यायचं नाही, पहिले दोन महिने तरी. झोपली असली की मागून हात लावायचा नाही. औषधाची बाटली आणि कागद पिशवीत आहे.

धाकटा : कागद नको. लक्षात आहे.

मावशी : पत्ता सांगा. पूर्ण सांगा, आमचा माणूस येऊन घर बघतो.

धाकटा : लिहा. पाण्याच्या टाकीमागची गल्ली. डाव्या हाताचं शेवटून दुसरं घर. हिरवं फाटक.

मोठी : कोणती टाकी? मोठ्या रस्त्यावरची?

धाकटा : हो.

मोठी : तिथं राहतोस तू?

धाकटा : सहा वर्षं झाली.

मोठी : माझी बस थांबते तिथं. जाताना आणि येताना. मी खिडकीशी बसते, टाकीच्याच बाजूला.

धाकटा : माहीत आहे. पाहिलंय तुला दोन-तीनदा.

मोठी : आणि मला बागेत भेटायला बोलवायचास, त्या दुसऱ्या टोकाला. मुलीला तिथं दाखवलंस.

धाकटा : तुला पत्ता कळला असता तर त्याला कळला असता.

मोठी : हो. कळला असता. त्यांनी विचारलं असतं तर मी सांगून बसले असते. त्यांच्यापुढे खोटं बोलायला मला कधी जमलं नाही.

मावशी : फाटकाला आतून कडी आहे ना?

धाकटा : आहे. पण संध्याकाळी उघडंच असतं, मुलगी खेळत असते. ताई, तुझी ड्यूटी किती वाजता सुटते?

मोठी : दोनला. पण बस मिळेपर्यंत तीन, साडेतीन होतात. का?

धाकटा : काही नाही. टाकीपाशी उतरत जा.